पासवर्ड नसलेला डबा

समजा, कीबोर्ड तुमच्यासमोर आहे आणि शेजारच्या स्टुलावर एक म्हातारी बसली आहे. तिला नातवाला नागपूरच्या एका दवाखान्यात दाखवायचं आहे, आणि तिथला नंबर आता ऑनलाइनच लागतो. नाव टाकलं, वय टाकलं, गाव टाकलं. पुढची चौकट ईमेलची. म्हातारीकडे ईमेल नाही, आणि ती चौकट भरल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. नवीन खातं काढावं तर त्याचा ओटीपी फोनवर येतो. घरातला एकुलता एक फोन मुलाच्या खिशात, आणि मुलगा घुग्घुसच्या खाणीत ड्युटीवर. तुमचा नंबर लावावा तर तो आधीच इतक्या खात्यांना लावून झालाय की आता चालत नाही. तुमचाच ईमेल देऊन टाकावा तर उद्यापासून गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिराती तुमच्या माथी. मागे रांग, आणि रांगेतला एक जण सारखा विचारतोय, "होते का नाई?"

काय कराल?

गडचांदूरच्या बसस्टँडजवळ रिना निमगडे हे काम रोज करते. तिचं एका शटरचं ऑनलाइन सेंटर आहे. वडील सिमेंट कारखान्यात ठेकेदाराकडे होते, पोती भरण्याच्या कामावर. राजुऱ्याला बसने जाऊन-येऊन ती बीए झाली, मग कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि वडिलांच्याच ओळखीने हा गाळा भाड्याने घेतला. समोरच्या रस्त्यावरून दिवसभर ट्रक जातात आणि त्यांची पांढरी धूळ सगळ्यावर बसते. रिना सकाळी आल्या आल्या रंगाच्या ब्रशने कीबोर्ड झाडते, मग ओल्या फडक्याने स्क्रीन, मग स्टूल, मग दाराची कडी. तिला घाण सहन होत नाही. कुणी तंबाखू मळलेल्या हाताने आधारकार्ड दिलं तर ती ते दोन बोटांच्या चिमटीत घेते. शेजारी केसरबाईंची चहा-भज्यांची टपरी आहे. केसरबाई तिला म्हणतात, "तू लग्न केली की नवऱ्याले बी ब्रशनं झाडशीन."

तर ईमेलचं. रिनाने त्यावर तोडगा शोधला होता. इंटरनेटवर तात्पुरते ईमेल फुकट मिळतात. पत्ता घ्यायचा, चौकटीत टाकायचा, येणारा कोड वाचायचा आणि विसरून जायचं. नंतर तिथे कितीही कचरा येवो, आपलं काय जातं! असे ईमेल देणाऱ्या वेबसाइट्स पुष्कळ आहेत, आणि रिनाने त्या एकेक करून वापरून पाहिल्या.

पहिली दहा मिनिटवाली. दहा मिनिटांत पत्ता आपोआप मरतो. शहरात हे ठीक असेल. इथे दुपारी वीज झपकी मारते, नेट गोल गोल फिरत बसतं, आणि कोड येईपर्यंत पत्त्याचं तेरावं झालेलं असतं.

दुसरी बरी टिकायची, पण तिच्या पानावर जाहिराती अशा की बघवत नाहीत. एकदा केसरबाईंच्या पेन्शनीचं काम चालू असताना स्क्रीनच्या बाजूला अर्ध्या कपड्यांतली एक बाई येऊन हलायला लागली. केसरबाई चष्मा सावरून पुढे वाकल्या. "काय वो, ही बी पेन्शन मांगाले आली का?" रांगेतली माणसं खो-खो हसली. रिनाला मात्र घरी गेल्यावर जेवण गेलं नाही. ती वेबसाइट तिने पुन्हा उघडली नाही.

तिसरी स्वच्छ होती, जाहिरात नाही, काही नाही. पण तिचे पत्ते सगळ्यांनी ओळखून ठेवलेले. कुठेही टाका, 'कृपया वैध ईमेल टाका' असं लाल अक्षरांत उत्तर. जी चांगली तीच कुठे चालत नाही, याचा रिनाला फार राग यायचा.

चौथी प्रफुलने दाखवली. प्रफुल प्रिंटरच्या शाईची आणि दुरुस्तीची कामं करतो. कोरपन्याच्या रस्त्याला त्याचं दुकान आहे. राजुऱ्यापासून जिवतीपर्यंतच्या सगळ्या सेंटरांवर त्याची मोटरसायकल फिरते, आणि शाई भरता भरता तो सगळ्यांना काही ना काही शिकवत जातो.

"ताई, हे पाय," तो म्हणाला. "इथी आपल्या मनानं नाव टाकाचं. पासवर्ड नाई, काई नाई. नाव टाकलं का डबा उघडला. आठ-दहा दिवस मेल राह्यते. सगळीकडं चालते."

"नाव ध्यानात कसं ठेवाचं पण?"

"गाव आधी, मंग पोरीचं नाव. पोराचं असन त पोराचं. पार्टी परत आली का विचाराचं, कोणत्या गावची? झालं."

रिनाला ते पटलं. आमच्याकडे माणूस असाच ओळखतात. आडनावं सारखीच असतात, पत्ता कुणाला नसतो, गाव आणि नाव सांगितलं की माणूस सापडतो. तिने चौथी वेबसाइट धरली. तिला ती खुला डबा म्हणायची. आसपासच्या सेंटरांनीही तीच धरली होती, तशीच नावं टाकून. आपण माणसं जशी शोधतो तशीच नावं त्या डब्यांना दिली, तर डबेही तसेच कुणालाही सापडतील, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

यंदा जूनमध्ये सोमारी आत्राम आली. जिवतीच्या डोंगरावरच्या खडकीगुड्याची, आश्रमशाळेतून बारावी झालेली. नागपूरच्या एका संस्थेत रुग्णसेविकेचं वर्षभराचं शिक्षण होतं, राहणं-जेवण संस्थेचं. जागा मोजक्या. रिनाने तिचा अर्ज भरला, फोन तिच्या भावाचा, कोलूचा टाकला आणि ईमेलच्या चौकटीत खुल्या डब्यातलं नाव. खडकीगुडा, मग सोमारी. अर्ज मिळाल्याचा मेल लगेच आला. त्यात अख्खा अर्ज जोडलेला होता: नाव, वय, शिक्षण, फोन नंबर. रिनाने त्याची प्रिंट काढून दिली. "पुढच्या सोमवारी येजो. निकाल पाहू."

सोमवारी ती आली, सोबत कोलू. तो तिच्यापेक्षा बराच मोठा, बोलायला हळू. स्टुलावर न बसता तो दारातच उभा राहिला.

"बाई, तुमी कोण्या माणसाले फोन कराले लावला का जी?"

"कोणता माणूस?"

"म्हणे, नागपूरवरून बोलतो. सोमारीची जागा गेली म्हणे. पर दुसरं काम लावून देतो, पोरीचा फोटो पाठव, अन् फोन तिलेच दे. मी म्हणलो, मी भाऊ हाओ, मले सांग. त म्हणे, तुयासंग काम नाई."

"फोटो कायले पाहिजे त्याले?"

कोलू रस्त्याकडे पाहू लागला. सोमारीच बोलली. "उभा पाहिजे म्हणे, ताई. ओढणी न घेता."

रिनाने कीबोर्ड पुढे ओढला. तिने खुला डबा उघडला. संस्थेचा मेल आलेला होता. सोमारीची निवड झाली होती. मेलच्या खाली दोन बटणं होती, येणार आणि येणार नाही. रिनाने 'येणार' दाबलं. नवं पान उघडलं: तुमचं उत्तर आम्हाला आधीच मिळालं आहे. येणार नाही. धन्यवाद.

"आमी त काईच दाबलं नाई," सोमारी म्हणाली.

"मले माहीत हाये," रिना म्हणाली.

तिने त्या डब्यात दुसरं गाव आणि दुसरं नाव टाकून पाहिलं. उघडला. तिसरं टाकलं, उघडला. एका बाईच्या तपासणीचा रिपोर्ट, जो तिने घरात दाखवला नव्हता. एका मुलीच्या प्रश्नाला वकिलाने दिलेलं उत्तर. कुणाच्या नोकरीचा नकार. सगळी तिचीच गिऱ्हाईकं, आणि त्यांचं सगळं तिने स्वतःच्या हाताने रस्त्यावर मांडून ठेवलं होतं. कीबोर्ड रोज ब्रशने झाडणाऱ्या रिनाने. ती उठली, मागच्या माठातलं पाणी घेऊन तोंड धुतलं आणि परत येऊन संस्थेला फोन लावला.

तिथल्या मॅडम वाईट बोलल्या नाहीत. पण म्हणाल्या, "उत्तर तुम्ही दिलेल्या मेलवरूनच आलंय. उद्या कुणीही म्हणेल, मी दाबलं नाही. शुक्रवारी यादी बंद होते. तुम्ही दिलं नाही असं काहीतरी दाखवा, मग मी वर विचारते."

दाखवायचं काय? डबा कुणीही उघडू शकतो हे खरं, पण कुणी उघडला हे तो डबा सांगत नाही. रिना संध्याकाळभर विचार करत बसली. मग तिने खडकीगुड्याच्याच नावाने एक नवा डबा धरला, नाव पुनम. अशी पुनम कुठेच नव्हती, पण गावामागे नेहमीची नावं लावून डबे उघडणाऱ्याला ती सापडणारच होती. आपल्या खऱ्या ईमेलवरून तिने त्या डब्यात एक मेल पाठवला, संस्थेचा वाटावा असा: पुनम, वय वीस, निवड झाली, येणार की येणार नाही. फोन नंबर केसरबाईंचा.

"माया फोनवर सात वर्षांपासून एकाही पोट्ट्यानं फोन नाई केला," केसरबाई म्हणाल्या. "येऊ दे मेल्याले."

दुसऱ्या दिवशी दुपारी, कढईत भजी असताना, फोन वाजला. केसरबाईंनी झारा बाजूला ठेवला, स्पीकर लावला, आणि आपला आवाज मुलीसारखा इतका बारीक केला की भजी खाणारा ट्रकड्रायव्हर वळून पाहू लागला. रिनाने आपल्या फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं.

"पुनम बोलते का?"

"हो जी. कोण?"

"मी नागपूरहून बोलतोय. ट्रेनिंगच्या ऑफिसातून. तुझं नाव यादीतून कटलं."

"अगा माय! काऊन कटलं जी?"

"ते सोड. माझ्या हातात दुसरी नोकरी आहे, हॉटेलात. दिसायला कशी आहेस तू?"

"गोरीच हाओ. उन्हाळ्यात थोडी करपतो."

ड्रायव्हरने तोंडावर हात दाबला. रिनाने त्याच्याकडे डोळे वटारले.

"एक फोटो पाठव. पूर्ण. कपडे कमी असले तर लवकर काम होते, समजलं ना? हॉटेलवाल्यांना पाहावं लागते."

"एकच फोटो हाये जी, रेशनकार्डावरचा. त्यात बुढा बी हाये बाजूले. बुढा चालन का?"

 मग तो चिडला, आणि चिडल्यावर त्याच्या बोलण्यातलं नागपूरचं ऑफिस गळून पडलं. "काऊन वो, फोन कोणाचा हाये हा? पुनम कुठी हाये?"

रिनाने आवाज ओळखला. हाच आवाज तिच्या दारात म्हणायचा, ताई, शाई आणलो, चहा पाज.

"फोन तुया माईचा हाये!" केसरबाई आपल्या मूळ आवाजात कडाडल्या. "ये इथी, तुले दाखवतो फोटो! गरम तेल हाये माया हाती!"

फोन कट झाला. ड्रायव्हर हसत हसत म्हणाला, "बाई, तुमी त हिरॉईन हाओ." केसरबाई हसल्या नाहीत. त्यांनी कढईतली करपलेली भजी उपसून नालीत फेकली.

रिना स्कूटीवर प्रफुलच्या दुकानात गेली. तो एका प्रिंटरचं पोट उघडून बसला होता, हात मनगटापर्यंत काळे. त्याने पायाने स्टूल तिच्याकडे सरकवलं. ती बसली नाही.

"सोमारीच्या मेलवर 'येणार नाही' तूच दाबला ना?"

"कोणची सोमारी?"

"आवाज रेकॉर्ड हाये, प्रफुल."

त्याने फडक्याला हात पुसले. हात तसेच काळे राहिले. "हे पाय ताई, डबा खुला हाये. कोणी बी पाहू शकते. मी कोणाचं कुलूप तोडलो का? नाव त्यात कोण टाकलं? तू टाकली. मी त फक्त वाचलो."

"पोरीची जागा घालवली तू."

"जागा! अवं, ते पोरीले तिथी बेडपॅन धुवा लावते. मी बरंच काम सांगून राह्यलो होतो." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "अन् सगळ्या काई तुया सोमारीसारख्या नसते. कोणाले पटते बी."

रिना सांगते की तिला त्याच्या थोबाडीत मारायची होती, पण त्याला हात लावायचीच किळस आली. ती बाहेर आली. स्कूटीला किल्ली लावताना तिच्या लक्षात आलं की तिच्या सेंटरच्या प्रिंटरमध्ये याच माणसाने भरलेली शाई आहे. त्या दिवशी तिने ती काढून फेकली, नवी होती तरी.

रेकॉर्डिंग आणि स्क्रीनशॉट घेऊन ती पोलीस ठाण्यात गेली. तक्रार लिहून घेतली, प्रफुलला बोलावणं गेलं. ते प्रकरण चालू आहे. संस्थेच्या मॅडमनी ते रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. मग म्हणाल्या, "मुलीच्या स्वतःच्या ईमेलवरून अर्ज पाठवा. तिच्या. कुठल्या डब्यातून नको."

रिनाने कोलूचा फोन घेऊन सोमारीचं खरं खातं काढलं. नेट तीनदा पडलं. रांगेतले दोघे कंटाळून निघून गेले, रिनाने त्यांना थांबवलं नाही. पासवर्डची चौकट आली तेव्हा तिने कीबोर्ड सोमारीपुढे सरकवला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"काय टाकू, ताई?"

"मले सांगू नको. तुया मनातलं टाक. मले, कोलूले, कोणाले येत नसन असं."

सोमारी एका बोटाने हळूहळू काहीतरी टाकत होती आणि स्वतःशीच हसत होती. कोलामी भाषेतलं होतं की गोंडी, रिनाला आजही माहीत नाही.

गुरुवारी मॅडमचा फोन आला, जागा ठेवली आहे, नव्या ईमेलवर तोच मेल पाठवला आहे, शुक्रवारपर्यंत होकार द्या. पण आता कोलू नाही म्हणाला. फोनवर त्याने एवढंच सांगितलं, "जिथून असे फोन येते, तिथी पोरगी धाडाची नाई," आणि फोन बंद करून टाकला.

शुक्रवारी सकाळी रिनाने शटर उघडलंच नाही. ती स्कूटीने डोंगर चढून खडकीगुड्याला गेली. कोलू अंगणात औताची दोरी वळत होता. सोमारी दारात उभी होती, आई आत चुलीजवळ.

"कोलूभाऊ, फोन संस्थेतून नाई आला. फोन माया चुकीनं आला. मी तुमच्या बहिणीचं नाव-गाव उघड्यावर ठेवली, अन् एका नालायकानं ते वाचलं."

"मंग तुमचंच का आयकू आता?"

 रिना अंगणात बसून राहिली. कोलू दोरी वळत राहिला. शेवटी सोमारीच पुढे आली.

"दादा, त्यानं माया नावानं नाई म्हणलं. आता तू बी माया नावानं नाई म्हणून राह्यला."

कोलूचे हात थांबले. आतून आई काहीतरी म्हणाली, कोलामीत, तीन-चारच शब्द. कोलूने फोन चालू करून बहिणीच्या हातात दिला. "दाब. पर मी सोडाले येतो. जागा पाहतो, तिथल्या बाया पाहतो. पटली नाई त वापस आणतो."

सोमारीने 'येणार' दाबलं. कोलू तिला नागपूरला घेऊन गेला, त्याने जागा पाहिली, बाया पाहिल्या, आणि एकटाच परत आला. आठवड्याने रिनाला सोमारीचा मेल आला, तिच्या स्वतःच्या खात्यावरून: ताई, जेवण बरं आहे, भात कमी देतात.

रिनाने आता तात्पुरते ईमेल बंद केले आहेत. ज्याचं काम, त्याचा फोन, त्याचंच खातं, आणि पासवर्ड टाकताना ती तोंड फिरवते. वेळ दुप्पट लागतो. घाई असणारे लोक पुढच्या सेंटरला जातात. तिथे अजून तोच डबा चालतो, तशीच नावं. तिने तिथे जाऊन सांगितलं, तर सेंटरवाला म्हणाला, "आपल्या गिऱ्हाईकाचं कोण वाचते, ताई?"

प्रफुलचं एक वाक्य मात्र तिच्या कानातून जात नाही, कोणाले पटते बी. म्हणून तिने एक काम सुरू केलं आहे. दुपारी रांग नसली की ती आठवून आठवून जुन्या गिऱ्हाईकांना फोन लावते, ज्यांची नावं तिने त्या डब्यात टाकली होती त्या मुलींना, बायकांना. नागपूरहून बोलतो म्हणणाऱ्या कुणाचा फोन आला होता का, विचारते. बहुतेक जणी म्हणतात, नाही आला. काही जणी जरा थांबून म्हणतात. चंदा म्हणून चिमूरकडे लग्न करून गेलेली एक मुलगी आहे. तिने प्रश्न पुरता ऐकूनच घेतला नाही. "नाई, नाई आला ताई, मले फोन नका करू," म्हणाली आणि ठेवून दिला.

रिना परवा केसरबाईंच्या टपरीवर बसून मला हे सांगत होती. चहा तसाच निवत होता, आणि त्यावर रस्त्यावरची धूळ बसत होती. तिने तो प्यायला नाही आणि फेकलाही नाही.

"चंदाले फोन आला होता का नाई," तिने विचारलं, "अन् आला असन, त तिनं फोटो पाठवला का? ते मी कोणाले विचारू?"